राजस्थानला निघालाय? मग एकदा रामदेवऱ्याच्या वाटेने जा

दिवाळी जवळ आली की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते, "ताई, राजस्थानात काय काय बघू?" सोबत टूरवाल्याचा छापील कार्यक्रम असतोच. जयपूर, उदयपूर, जोधपूरला एक मुक्काम, जैसलमेरला एक मुक्काम आणि त्यातली संध्याकाळ जवळच्या सम गावच्या वाळूत. जीपमधून टेकड्यांवर उड्या, तंबूत कानठळ्या बसवणारी गाणी, सकाळी आवरून परत. एवढे पैसे आणि एवढी रजा घालवून थरचं वाळवंट बघायची ही रीत मला अजिबात पटत नाही.

माझं म्हणणं असं की, जयपूर-उदयपूर पुढच्या वेळी करा. वाळवंट बघायचंय ना? मग बिकानेरपासून सुरुवात करा आणि देशनोक, कोलायत, फलोदी, रामदेवरा, पोखरण असं करत जैसलमेर गाठा. या पट्ट्यात राजांची शहरं आणि साध्या माणसांची दैवतं एकमेकांच्या शेजाराला आहेत. नुसते किल्ले बघून आलं तर राजे कळतात. जिथे वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे बाकीची माणसं कशाच्या आधारावर राहिली, हे तीर्थांच्या गावी गेल्याशिवाय कळत नाही.

बिकानेर १४८८ मध्ये राव बिकाने वसवलं. जोधपूर वसवणाऱ्या राव जोधाचा हा मुलगा. इथला जुनागड डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. राजा रायसिंहाने तो १५८९ ते १५९४ या काळात बांधला. आम्हा संभाजीनगरवाल्यांना तर बिकानेर परकं वाटायचं कारणच नाही. नवरात्रात ज्या कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा भरते, तो कर्णपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या नावाचा, आणि पदमपुरा त्याच्या मुलाच्या, पदमसिंहाच्या नावाचा. करणसिंह मुघलांच्या चाकरीत दख्खनेत आला आणि १६६९ मध्ये आमच्याच शहरात वारला. त्याचा थोरला मुलगा अनूपसिंह यानेही हयातीची बरीच वर्षं दख्खनच्या मोहिमांत काढली. त्या धामधुमीत नष्ट होतील म्हणून त्याने इकडच्या कितीतरी संस्कृत पोथ्या आणि देवांच्या मूर्ती बिकानेरला नेल्या. तिथल्या लालगड राजवाड्यातलं अनूप संस्कृत ग्रंथालय त्याच्याच नावाचं. जुनागडातल्या तेहतीस कोटी देवतांच्या मंदिरात दख्खनेतून गेलेल्या त्या मूर्ती आहेत. इतकं जवळचं नातं असून आमच्याकडून बिकानेरला जातं कोण? भुजिया मात्र घरोघरी असते.

बिकानेरहून तीस किलोमीटरवर देशनोक. करणीमातेचं मंदिर. "उंदरांचं देऊळ ना, शी!" असं म्हणून नाक मुरडणारे खूप भेटतात, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. तिथे या उंदरांना काबा म्हणतात. करणीमातेच्या कुळातली चारण समाजाची माणसं मेल्यावर काबा होतात आणि काबा मेला की पुन्हा माणसाच्या जन्माला येतात, अशी श्रद्धा आहे. म्हणजे तिथला पुजारी ज्याच्यापुढे दूध ठेवतो तो त्याच्या लेखी घरातलाच कुणीतरी असतो. दुधाच्या परातीच्या काठावर ओळीने बसून काबे पितात, शेपट्या बाहेर लोंबत असतात. आपण पाय न उचलता घासत घासत चालायचं, चुकूनही एखादा पायाखाली येऊ नये म्हणून. तळव्यांना प्रसादाचे दाणे चिकटतात. चिकटू देत.

पण देशनोकला मंदिर पाहून लगेच गाडीत बसू नका. गावाभोवती करणीमातेचं ओरण आहे, हजारो बिघ्यांचं, बोरीच्या झाडांनी भरलेलं. ओरण म्हणजे आपली देवराईच. देवीची जमीन, तिथल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. कार्तिकात लोक या ओरणाला प्रदक्षिणा घालतात. भोवती रखरखाट आणि मधे केवळ देवीच्या धाकाने आणि मायेने टिकलेली ही झाडी, हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

पुढे कोलायत. कपिलमुनींचं तीर्थ, घाटांनी वेढलेला तलाव, कार्तिकी पौर्णिमेला मोठी जत्रा. फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं, म्हणून उन्हाळ्यात या बाजूला फिरकू नका. थंडीत मात्र फलोदीजवळच्या खीचनला जरूर थांबा. हजारो किलोमीटर ओलांडून आलेल्या कुरजां पक्ष्यांना गावकरी रोज दाणे घालतात. सकाळी थवे उतरले की आवाजाने बोलणं ऐकू येत नाही.

आणि मग रामदेवरा. जुनं नाव रुणीचा. पोखरणपासून बारा-एक किलोमीटर. पोखरण आपल्याला १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे माहीत, पण राजस्थान-गुजरातच्या खेड्यापाड्यांतून लाखो माणसं त्या बाजूला चालत जातात ती बाबा रामदेवांसाठी. हे तंवर राजपूत घराण्यातले संत, हिंदूंचे रामदेवजी आणि मुसलमानांचे रामसा पीर. मक्केहून पाच पीर त्यांची परीक्षा घ्यायला आले, म्हणाले, आम्ही आमच्याच भांड्यात जेवतो आणि ती तर मक्केला राहिली. बाबांनी ती तिथल्या तिथे हजर केली. मग पाच जण म्हणाले, आम्ही पीर आणि तुम्ही पीरांचे पीर. ही कथा तिथलं शेंबडं पोरही सांगतं.

भाद्रपद शुद्ध द्वितीयेपासून एकादशीपर्यंत मोठी जत्रा. नेमके हेच दिवस आपल्याकडे गणपतीचे, त्यामुळे मराठी माणूस तिथे क्वचितच दिसतो. ज्याने पंढरीची वारी पाहिलीय त्याला ती वाट ओळखीची वाटेल. खांद्यावर ध्वजा, अंगावरच्या कपड्यांवर धूळ, ठिकठिकाणी गावकऱ्यांचे मांडव, चहा, पुरी-भाजी, पाय चेपून देणारी पोरं, आणि समोरून येणाऱ्याला "जय बाबा री". बाबांना वाहायला कापडाचे घोडे मिळतात. वीतभर उंचीपासून माणसाला खांद्यावर घ्यावा लागेल एवढे. पांढरं कापड, आत पेंढा भरलेला, वरून गोटा-किनार, टिकल्यांचे डोळे. नवस फेडायला आलेला एखादा म्हातारा तो घोडा कडेवरच्या नातवासारखा सांभाळून रांगेत उभा असतो.

मला मात्र सगळ्यात जास्त थांबवून ठेवलं ते डालीबाईच्या समाधीने. डालीबाई मेघवाळ समाजातली, बाबांची मानलेली बहीण आणि भक्त. लोकपरंपरा सांगते की तिने बाबांच्या आधी समाधी घेतली. तिची समाधी मंदिराच्या आवारात, बाबांच्या समाधीजवळ आहे, आणि सगळ्या जातींची माणसं तिच्यापुढे वाकतात. आपल्या चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी आहे. मला तिथे उभं राहून हे आठवल्याशिवाय राहिलं नाही. यावरून तिकडे जातिभेद संपला असं कुणी समजू नये. तो तिथेही आहे आणि कडक आहे. तरी शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी तिला आत जागा दिली, आणि ती आजवर कुणी हलवली नाही, याचं मोल मला फार वाटतं.

जैसलमेरबद्दल सगळे लिहितात, म्हणून मी तीनच गोष्टी सांगते. एक, किल्ल्याच्या आतल्या हॉटेलात राहू नका. रावल जैसलने ११५६ मध्ये वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे, आत घरं आहेत, पोरं शाळेत जातात. पण त्याच्या खालचा दगड ठिसूळ आहे आणि नळाचं, न्हाणीघरांचं पाणी पायात मुरून बुरूज ढासळले आहेत. घागरीने पाणी आणण्याच्या काळातला किल्ला रोज शेकडो पाहुण्यांच्या आंघोळी कशा झेलणार? खाली गावात राहा, वर बघायला जा. दोन, किल्ल्यातली जैन मंदिरं आणि तिथलं ताडपत्रांचं ज्ञानभांडार घाईत उरकू नका. आणि जैसलमेरच्या भाटी राजांची आधीची राजधानी लोदुर्वा जेमतेम पंधरा किलोमीटरवर आहे, तिथल्या पार्श्वनाथ मंदिरातलं दगडी जाळीकाम बघाच. तीन, कुलधऱ्याला भुतं बघायला जाऊ नका. ज्या पालिवाल ब्राह्मणांनी ते गाव सोडलं त्यांची खरी करामत म्हणजे खडीन. उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी लांबलचक मातीच्या बांधाने अडवायचं, ते जमिनीत मुरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. इतक्या कमी पावसात गहू! गाइडला भुताच्या गोष्टी थांबवून खडीन दाखवायला सांगा.

सवड असेल तर नागौरही जोडा. १७५४-५५ मध्ये मारवाडच्या गादीच्या भांडणात रामसिंहाच्या बाजूने उतरलेल्या जयाप्पा शिंद्यांनी नागौरला वेढा घातला होता. तिथेच, ताऊसरजवळच्या छावणीत, त्यांचा दगा करून खून झाला. पुढे रामसिंहाचा प्रतिस्पर्धी विजयसिंह याला अजमेर मराठ्यांना द्यावं लागलं. आपल्याकडे जयाप्पांच्या खुनाची हळहळ आहे आणि ती रास्त आहे. तिकडे मराठा म्हटलं की खंडणी आठवते, तेही ऐकून घ्या. त्याच नागौरात हमीदुद्दीन नागौरींचा दर्गा आहे. अजमेरच्या ख्वाजांचा हा शिष्य लहानशा शेतावर स्वतः राबून पोट भरत असे आणि मांस खात नसे.

दादरहून बिकानेरला थेट रेल्वे आहे आणि बिकानेर-फलोदी-रामदेवरा-जैसलमेर हाही रेल्वेमार्ग आहे, तेव्हा गाडी भाड्याने घेतलीच पाहिजे असं नाही. गणपतीमुळे भाद्रपदात निघणं होणार नसेल तर माघात जा. तेव्हाही रामदेवऱ्याला जत्रा असते, हवा थंड असते आणि खीचनला कुरजां असतात. तिकिटं मात्र आत्तापासून बघायला लागा.