हात जोडून बसणाऱ्यांची शांती : एका प्रतिक्रियेला उत्तर

बाबा दवाखान्यात होते त्या दिवसांवरून, संकटात प्रभू येशूवर भार टाकण्याविषयी मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. सुरुवात 'ताई' म्हणून केलीत आणि तिसऱ्याच ओळीत लिहिलंत, 'हात जोडून बसणाऱ्यांना शांत वाटतं, कारण धावपळ दुसरे करत असतात.' मतभेदाचं मला काही नाही. पण ओळखदेख नसताना एखाद्या बाईनं दवाखान्यात काय केलं नि काय नाही, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत, ते मला लागलं.

तुमचं बरोबर आहे ते आधी मान्य करते. वादळात येशू उशीवर डोकं ठेवून झोपला होता, हे मी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या नावावर घातलं. उशीचा उल्लेख फक्त मार्काच्या शुभवर्तमानात आहे, 4:38. चूक माझी, दुरुस्त केली आहे.

आता धावपळ. बाबा अतिदक्षता विभागात होते ते नऊ दिवस रक्ताच्या पिशव्या आणायला मीच जात होते. संमतीपत्रावर सहीही माझीच. पेन काउंटरला दोऱ्यानं बांधलेलं आणि दोरा आखूड, म्हणून कागद तिरका ओढून सही करावी लागली. हात थरथरत होता. हो, थरथरत होता! विश्वास ठेवला की हात थरथरत नाही, असं मी कुठं लिहिलंय ते दाखवा. धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, असं लूकचं शुभवर्तमान सांगतं. त्याच्याहून मी धीराची आहे असं कशाला म्हणू?

लिफ्टची वाट बघताना मी बायबलातलं दावीदाचं 23वं स्तोत्र म्हणायचे, एका श्वासाला एक ओळ. सुरुवातीला दावीद देवाविषयी बोलतो : तो मला चालवतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते, आणि तिथं 'तो'चा एकदम 'तू' होतो. तू मजबरोबर आहेस. लहानपणी संडे स्कूलला पाठ केलेलं स्तोत्र, पण हे मला त्या लिफ्टपाशी उमगलं. मग वर जाऊन डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यायचे, त्यांनी सांगितलेलं डोक्यात शिरायचं. याला तुम्ही स्वस्थ बसणं म्हणता? 'कशाविषयीही चिंता करू नका' हे प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, पत्रात लिहिलं ते कैदेतून. त्याच पत्रात तो आपल्या बंधनांविषयी बोलतो. हेही जरा वाचायचं होतंत.

देव न मानणारी माणसंही संकटात शांत राहतात, हा तुमचा दुसरा मुद्दा. राहत असतील, त्यांच्याविषयी मी लिहिलंच नव्हतं. 'अफूची गोळी' वगैरेला उत्तर देत बसत नाही, ते शाळेपासून ऐकतेय.

आणि एक. 'तुमच्या वडिलांना डॉक्टरांनी वाचवलं, प्रार्थनेनं नव्हे,' असं किती ठासून लिहिलंत! बाबा वाचले, असं मी एका शब्दानं म्हटलेलं नाही. टीका करायची तर निदान लेख तरी पुरता वाचावा. दहाव्या दिवशी पहाटे बाबा गेले. त्यांचा हात धरून मी तेच स्तोत्र म्हणत होते. चौथ्या वचनापाशी आवाज फुटेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.