205 पीएसवर आम्ही का थांबलो: आपल्या अभिप्रायाला वर्कशॉपचे उत्तर

आदरणीय भाऊ, नमस्कार.

आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. आपले म्हणणे असे आहे की, आपल्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपची ताकद वाढवून 250 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) मागितली असताना आम्ही 205 वर थांबलो, मे महिन्यात ट्रॉलीवर रोटाव्हेटर लादून परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गाडीची ताकद एकाएकी उतरली, खालच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) अपेक्षित ओढ मिळत नाही, आणि ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणारी यंत्रणा) बंद करून काळा धूर काढून देण्यास तसेच ओपन एअर फिल्टर (बंद डब्याशिवायचा हवेचा फिल्टर) बसवण्यास आम्ही नकार दिला, शिवाय गाडी उशिरा दिली. यातील प्रत्येक गोष्ट घडली आहे, पण प्रत्येकामागे कारण आहे. अशी गाडी बांधून घेण्याचा विचार करणाऱ्या इतरांनाही ते कळावे, म्हणून सविस्तर लिहितो.

घाटापासून सुरुवात करतो, कारण आपल्या नाराजीचे मूळ तिथे आहे. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, हवा दाबतो तेव्हा ती तापते. दीड बार बूस्टला (बाहेरच्या हवेपेक्षा दीड बार जादा दाबाला) आणि साधारण 70 टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोला 25 अंशांची हवा दिली तर ती सुमारे 150 अंशांवर बाहेर पडते. हीच हवा आत जातानाच 45 अंशांची असेल, तर बाहेर पडताना तिचे तापमान 180 अंशांच्या आसपास असते. इंटरकूलरने ही हवा थंड करायची, पण त्याच्या जाळीवरून वाहणारी बाहेरची हवादेखील त्या दुपारी 45 अंशांचीच असते, आणि घाटात गाडीचा वेग कमी असल्याने ती पुरेशी वाहतही नाही. त्यात चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास 12 टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे तोच बूस्ट राखण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते आणि हवा आणखी तापते. गरम हवेत प्राणवायू कमी, पण डिझेल तेवढेच. मग सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूंचे तापमान चढत जाते.

आपल्या गाडीत टर्बोच्या आधी आम्ही तापमानाचा सेन्सर बसवला आहे. 700 अंश ओलांडले की ईसीयू (इंजिनाचा संगणक) डिझेल कमी करू लागेल आणि 740 ला ताकद जवळपास मूळ गाडीइतकी उतरवेल, अशी तजवीज आम्ही मॅपिंगमध्ये (त्या संगणकातील सेटिंगमध्ये) जाणीवपूर्वक केली आहे. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतो आणि पिस्टन त्याच्याच मिश्रधातूचे असतात. खालून उडणाऱ्या तेलामुळे पिस्टन त्या वायूंपेक्षा बराच थंड राहतो हे खरे, पण चढावर दहा-पंधरा मिनिटे सलग जोर लागला की ही सवलत संपत जाते. आपण गाडी दाखवायला आणली तेव्हा उतरवलेल्या नोंदीत 742 अंश दिसले, इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान 78 अंश होते, आणि थोड्या वेळाने ताकद आपोआप परत आल्याचेही दिसते. संरक्षणाने आपले काम चोख केले. ते नसते, तर आज आपली चर्चा पिस्टन बदलण्याच्या खर्चावर चालली असती.

एक विनंती इथेच करतो. असा चढ संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. दोन-तीन मिनिटे ते रिकामे चालू ठेवावे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तापलेल्या अवस्थेत तेलाचा प्रवाह थांबला की ते तेल बेअरिंगमध्येच जळून चिकटते.

आता 250 चा प्रश्न. आपल्या 2.5 लिटरच्या व्ही-क्रॉसला कारखान्यातून 136 पीएस आणि 320 न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. आम्ही मोठे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे), मोठा टर्बो, पुढच्या बाजूचा इंटरकूलर आणि जड कामाची क्लच प्लेट बसवून 3,200 आरपीएमला 450 न्यूटन-मीटर घेतले, म्हणजे हिशेबाने 205 पीएस. त्याच आरपीएमला 250 पीएस हवे असतील, तर सुमारे 550 न्यूटन-मीटर काढावे लागतील. आतील कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) मात्र कारखान्याचेच आहेत, कारण इंजिन उघडण्याचा खर्च आपल्याला मान्य नव्हता, आणि तो आपला अधिकार होता. त्या रॉडवर 550 चा भार टाकून वर हमी देणे मला पटत नाही. दुसरे कुणी तो आकडा देत असतील, तर तो कोणत्या आरपीएमला, किती वेळ आणि किती तापमानाला, एवढे आपण जरूर विचारावे. आमच्याकडे डायनो (गाडीची ताकद मोजणारे यंत्र) नाही आणि तो असल्याचे आम्ही कधी सांगितलेले नाही. 205 हा आकडा बूस्ट, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधील दाब आणि डिझेलच्या मात्रेच्या नोंदींवरून काढलेला आहे. आपण कोणत्याही डायनोवर गाडी न्यावी, फक्त तिथे मिळणारा चाकावरचा आकडा इंजिनाच्या आकड्यापेक्षा कमी येतो, हे ध्यानात ठेवावे.

खालच्या आरपीएमची ओढही याच रॉडसाठी आवरून धरली आहे. 2,000 च्या खाली पूर्ण बूस्ट आणि भरपूर डिझेल दिले, तर पिस्टन सावकाश सरकत असताना सिलिंडरमधील दाब सर्वाधिक होतो, आणि रॉड वाकतात ते बहुधा अशाच वेळी. बसल्या जागी पाठीला धक्का देणारी गाडी चालवायला मजा येते, हे मीही जाणतो. ती मजा 2,200 च्या पुढे आपल्याला पुरेपूर मिळेल.

ईजीआरबाबत माझी भूमिका बदलणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणूनच 205 चे मॅपिंग केवळ बंद मैदानावरील ऑफ-रोड स्पर्धांसाठी आहे, आणि रस्त्यासाठी मोठ्या इंजेक्टरांशी जुळवलेले मूळ ताकदीचे दुसरे मॅपिंग दिले आहे. आरटीओ व विमा कंपनीला कळवण्याची सूचनाही अंदाजपत्रकात लिहिलेली असून त्यावर आपली सही आहे. घाटात आपण स्पर्धेचे मॅपिंग लावून भार ओढत होता, असे नोंदीवरून दिसते. काळा धूर म्हणजे हवेअभावी न जळलेले डिझेल. त्याने ताकद वाढत नाही, तापमान मात्र वाढते, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या छातीत ती काजळी जाते. ओपन फिल्टर नाकारण्याचे कारण आपल्या शेतरस्त्यांवर उन्हाळ्यात पाहायला मिळते: काळ्या मातीची ती बारीक धूळ टर्बोच्या पात्यांच्या कडा खाऊन टाकते.

उशिराबद्दल एवढेच सांगतो की, चारही इंजेक्टरमधून समान डिझेल पडते की नाही हे तपासण्यासाठी ते नागपूरला पाठवले होते, आणि ते आपल्याला त्याच वेळी कळवले होते.

गाडीचा उपयोग यापुढे भार ओढण्यासाठी अधिक होणार असेल, तर रस्त्याच्या मॅपिंगची घाटातील वागणूक आम्ही मजुरी न घेता पुन्हा तपासून देऊ. त्यासाठी गाडी नेहमीच्या भारासह, सकाळी इंजिन थंड असताना आणावी. त्याच घाटात आपल्या शेजारी बसून मी स्वतः नोंद घेईन आणि ती संपूर्ण नोंद आपल्या हाती देईन.

आपला,
वर्कशॉपचालक, परतवाडा