पाऊण इंच

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं तावदान मी फोडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात आणि सोसायटीत याबद्दल वेगळी बातमी आहे.

वाळत घालायच्या काठीला दोन टोकं असतात, आणि वरच्या दोरीवर टॉवेल टाकताना माणसाचं लक्ष फक्त एकाकडे असतं. गॅलरीत मान वर करून मी टॉवेलाचं टोक सरळ करत होतो आणि काठीचं मागचं टोक स्वयंपाकघराच्या खिडकीत गेलं. खळ्ळकन वगैरे काही झालं नाही. नुसतं ‘टक्’. वळून बघितलं तर काच जागेवरच होती, पण वरच्या कोपऱ्यातून खालपर्यंत एक तडा आणि मध्येच त्याला दुसरा येऊन मिळालेला. शाळेच्या नकाशात कऱ्हाडपाशी कृष्णेला कोयना मिळते तसा.

आतून बायको म्हणाली, “अहो, खालच्या पोरांचा बॉल लागला वाटतं!”

मी ‘हो’ म्हणालो नाही. ‘नाही’ही म्हणालो नाही. “ही पोरं ना!” एवढंच म्हणालो. हे वाक्य कुठल्याही पोरांबद्दल कधीही म्हटलं तरी खोटं ठरत नाही.

पुढचे तीन आठवडे ते तावदान सेलोटेपवर जगलं. तड्यावरून एक पट्टी लावली, मग तिला धरून ठेवायला दुसरी, आणि सरतेशेवटी काचेवर मोठी फुली तयार झाली. डोंबिवलीत आमची बिल्डिंग १९८४ सालची. इथे कोणाच्या घरात काय फुटलं हे फोडणाऱ्याआधी समोरच्याला कळतं. दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा खालून ओरडले, “काय रे, युद्ध लागलं का?” मग वर येऊन, चहा घेत, त्यांनी १९७१ चं ब्लॅकआउट सांगितलं. मुंबईत दिवे बाहेर दिसू नयेत म्हणून खिडक्यांना कागद, आणि हादऱ्याने काचा अंगावर उडू नयेत म्हणून अशाच पट्ट्या. “पण आम्ही खळ लावून चिकटवल्या होत्या. तुझ्यापेक्षा सरळ होत्या,” असं म्हणून ते गेले.

सगळ्या काचा धड होत्या तेव्हा आमच्या घराला खिडक्या आहेत याची कोणी दखल घेतली नव्हती. आता दूधवाला, इस्त्रीवाला, गॅस सिलिंडरवाला, जो येईल तो आधी खिडकीकडे बघे आणि मग माझ्याकडे. आई रोज सकाळी देवाला फूल वाहून झालं की म्हणे, “फुटकी काच घरात ठेवू नये रे.” आणि मे महिना संपत आला होता. पाऊस सुरू झाला की लाकडी खिडकी फुगते, मग ती उघडते तेव्हा बंद होत नाही आणि बंद होते तेव्हा उघडत नाही. जे करायचं ते आधी करायला हवं होतं.

सुताराला फोन केला. तो म्हणाला, लाकडाचं असेल तर येतो, काच काचवाल्याकडे. काचवाला म्हणाला, एका तावदानासाठी माणूस पाठवणं परवडत नाही. माप आणा, कापून देतो, बसवायला सुतार बघा. ॲल्युमिनियमवाला मात्र न बोलावताच आला. चौथ्या मजल्यावर काम चालू होतं, जाता जाता डोकावला. खिडकीच्या चौकटीवर दोन टिचक्या मारल्या आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात म्हणाला, “काका, हिच्यात आता काही राहिलं नाही. स्लायडिंग टाकून घ्या.” चौकट चाळीस वर्षांची सागवानी. तिच्यात काय राहिलं नव्हतं ते मला दिसेना, त्याला मात्र दिसत होतं.

शेवटी मी ठरवलं, आपणच बसवायची.

यामागे नाना होते. म्हणजे माझे वडील. नाना जाऊन आठ वर्षं झाली, पण त्यांची वाक्यं घरात आहेत. ९२ सालच्या दिवाळीत कोणाचा तरी बाण वाट चुकून आमच्या याच खिडकीत आला होता. मी तेव्हा मामाकडे होतो. परत आलो तर नवीन काच बसलेली. नानांनी ती स्वतः बसवली होती, आणि त्यानंतर पुढची पंचवीस वर्षं, मी काहीही चुकवलं की, मग ते गणित असो, गॅसचं बुकिंग असो वा नोकरीचा अर्ज, नाना त्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणत, “एकदा मोजलं, एकदा कापलं, एकदा बसवलं.” सबंध बालपण मी त्या तावदानाच्या धाकात काढलं. फोडलं तेही बहुधा त्यामुळेच असेल, पण ते असो.

मोजायचा टेप काढला. काच दिसते तिथपासून दिसते तिथपर्यंत धरला. रुंदी चौदा इंच, उंची वीस. इतके सरळ आकडे आल्यावर संशय यायला हवा होता. मला आनंद झाला.

स्टेशनकडच्या काचेच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, “चार एमएम ना? साइज?”

“चौदा बाय वीस.”

“खाचेतून घेतलंय ना माप?”

“हो,” मी म्हणालो. खाच म्हणजे कुठली हे मला ठाऊक नव्हतं, पण मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

काच कापताना बघणं हे मात्र खरं सुख. मोठं टेबल, त्यावर जुनं घोंगडं. तावासारखी काच त्यावर आडवी केली. फडक्याने एकदा पुसली. मग त्याने छोटं हत्यार घासलेटच्या डबीत बुडवलं. जुनी माणसं त्याला हिरकणी म्हणतात. पूर्वी त्याच्या टोकाला खरोखर हिऱ्याचा कण असे, आता कठीण धातूचं इवलंसं चाक असतं. लाकडी पट्टी धरली, आणि वरून खाली एकच रेघ. कर्रर्र असा बारीक आवाज, कोणीतरी साखरेवर पाय दिल्यासारखा. रेघ दिसेल न दिसेल एवढी. मग काच टेबलाच्या कडेला आणली, दोन्ही हातांनी जरा खाली दाबली, आणि ‘टक्’. रेघेवरून तुकडा सुटला, जसा चिक्कीचा सुटायला हवा आणि कधीच सुटत नाही.

“पुन्हा एकदा फिरवायची नाही का? नक्की कापली जावी म्हणून?” मी विचारलं.

“दुसऱ्यांदा फिरवली की बिघडली. हिरकणी एकदाच.”

मला नाना आठवले.

बिल झालं तेव्हा कळलं की काचेचा हिशेब तीन-तीन इंचांनी वर चढतो. चौदाचे पंधरा, वीसचे एकवीस. कापून काढलेल्या इंचभर पट्ट्यांचे पैसे आपण देतो आणि पट्ट्या टेबलाखालच्या डब्यात जातात. याचं महत्त्व पुढे येईल.

काच घरी आणायला रिक्षा केली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते तावदान मी मांडीवर उभं धरलं, गणपती आणताना धरतात तसं. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, “फ्रेम का काका? कोणाचा फोटो?” आवाज इतका हळवा की मला ‘खिडकी’ म्हणायची लाज वाटली. त्याने सगळे खड्डे सांभाळून घेतले.

आता जुनी काच काढायची. लाकडी खिडकीत काच खाचेत बसते, कडेने लुकण भरलेलं असतं आणि वरून पट्टी, बारीक चुका मारून. लुकण म्हणजे जवसाचं तेल आणि खडूची पूड मळून केलेला लगदा; ताजा असताना कणकेसारखा, आणि तीस वर्षांनी सह्याद्रीसारखा. पटाशी लावली तर पटाशी निसटली. पेचकस लावला तर पट्टी फाटली. चुका उपटताना एक तुटली, एक वाकली, आणि एक अशी काही घुसून बसली होती की नानांनी ती रागात मारली असावी. (मराठीत बारीक खिळ्याला ‘चूक’ हे नाव कोणी दिलं असेल? ज्याने दिलं त्याने खिडकी नक्की दुरुस्त केली असणार.)

अण्णा एव्हाना स्टूल घेऊन बसले होते. त्यांचं आजोळ तळेगाव दाभाड्याचं. काचेचा विषय निघाला की त्यांचं तळेगाव निघतंच. “१९०८ साली कारखाना काढला पैसा फंडाने. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून काचेचा अख्खा कारखाना! टिळकांचा पाठिंबा. तिथे शिकलेली माणसं देशभर गेली. आणि तुला एक तावदान काढता येईना.” मी म्हणालो, “अण्णा, जरा ही कड धरता?” ते म्हणाले, “मला ओगलेवाडीच्या काच कारखान्याचंही सांगायचंय.” मी मान वळवली, आणि कृष्णा-कोयनेचा सगळा संगम माझ्या हातातून सुटून ओट्याखाली गेला.

हाताला हळद लागली, फरशीला कणीक. काचेचे मोठे तुकडे केरसुणीने निघतात, पण पिठासारखे बारीक कण निघत नाहीत. त्यावर कणकेचा गोळा दाबत दाबत फिरायचं, कण त्यात रुततात. अर्धा तास मी फरशीवर गुडघ्यांवर बसून गोळा फिरवत होतो. बायको एवढंच म्हणाली, “अहो, तो गोळा परातीत ठेवू नका म्हणजे झालं.”

मग खाच साफ केली, नवीन काच उचलली, अलगद चौकटीत धरली, आणि ती चौकटीतून आरपार गॅलरीत निघाली.

म्हणजे पकडली मी. अण्णांनीही पकडली, पलीकडून. काचेच्या दोन बाजूंना आम्ही दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत उभे होतो. मग अण्णा म्हणाले, “तू दिसतं तेवढंच मोजलंस.”

पट्टीखाली आणि खाचेत मिळून प्रत्येक कडेला तीन सूत काच लपलेली असते. आठ सुतांचा इंच. दोन्ही कडांचे सहा सूत. पाऊण इंच रुंदीत, पाऊण इंच उंचीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान. जाताना मी टेपवर ठपका ठेवायचं ठरवलं होतं, कारण त्याच्या टोकाचं पत्र्याचं नाक हलत होतं. दुकानदाराने त्याच्या टेपचं नाक हलवून दाखवलं. “हे हलायलाच पाहिजे काका. बाहेरून अडकवलं की पत्र्याच्या जाडीएवढं पुढे सरकतं, आतून टेकवलं की तेवढंच मागे. म्हणून माप बरोबर येतं.” इतकी वर्षं मी पक्कड घेऊन ते नाक घट्ट करत आलो होतो.

या खेपेला खाचेतून घेतलेलं माप सांगितलं. त्याने त्यातून एक सूत आपणहून कमी केलं, पावसात लाकूड फुगतं म्हणून. आणि बिल? पंधरा बाय एकवीस. तेच. म्हणजे मला हवी होती त्या काचेचे पैसे मी पहिल्याच दिवशी दिले होते, आणि हवा होता नेमका तोच भाग डब्यात टाकून उरलेली काच मांडीवर घेऊन आलो होतो.

बसवायला फार वेळ लागला नाही. लुकणाऐवजी दुकानदाराने सिलिकॉनची नळी दिली होती. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो हे त्याने सांगितलं नव्हतं. संध्याकाळभर बायको लोणच्याच्या बरण्या एकेक उघडून हुंगत होती. ती दोन बरण्या हुंगेपर्यंत मी गप्प बसलो. बॉलची बातमी टिकवायची तर माणसाला गप्प बसायची सवय हवी.

उरल्या फुटक्या काचा. भंगारवाला म्हणाला, बाटली असेल तर द्या. घंटागाडीवाल्याने पिशवी हातात घेतली, खळखळ ऐकली आणि परत दिली. “असं नाही दादा, हात कापतो आमचा. नीट बांधा, वर लिहा.” बरोबरच होतं त्याचं. जाड पुठ्ठ्यात बांधून, सुतळी आवळून, लाल पेनाने मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहिलं, तेव्हा कुठे गेली.

आणि ती पाऊण इंच कमी पडलेली? ती धड होती. दीडशे रुपये दिलेले. आमच्या घरात धड वस्तू टाकत नाहीत, माळ्यावर टाकतात. स्टूलवर चढून ट्रंकेच्या मागे हात घातला, तर तिथे आधीच काहीतरी सपाट उभं होतं. सुतळीने बांधलेलं. वर्तमानपत्र पिवळं पडून कडेने झडलेलं, पण तारीख वाचता येत होती. नोव्हेंबर १९९२.

कागद सोडला. तावदान. एकही तडा नाही, एका कोपऱ्यात नानांच्या अक्षरात पेन्सिलीने ‘लागेल’ असं लिहिलेली चिठ्ठी. मी माझी काच तिच्यावर ठेवली. चारही कडा तंतोतंत जुळल्या. चौदा बाय वीस.

ती काच हातात घेऊन खाली आलो. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. तिने काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“दोनदा गेले होते,” ती म्हणाली. “म्हणाले, पोराला सांगू नकोस.”

दोन्ही काचा मी परत बांधून, तीच चिठ्ठी वर ठेवून, ट्रंकेमागे सारल्या.

शनिवारी मुलगी पुण्याहून हॉस्टेलवरून आली. पर्स ठेवता ठेवता खिडकीशी गेली, काचेवरून बोट फिरवलं, पट्टीच्या सांध्यात नख घालून बघितलं. “बाबा, तुम्ही बसवली? सुतार न बोलावता?”

“एकदा मोजलं,” मी म्हणालो, “एकदा कापलं, एकदा बसवलं.”

आईने तांदळातला एक खडा उचलला आणि ताटाच्या कडेला ठेवला.