शेतकऱ्याला हातभार लावायचाय? मग असं करा

शेतकऱ्यासाठी काहीतरी करायची हुक्की आली असेल तर आधी मुहूर्त बघा. सांगलीच्या हळदपट्ट्यात फेब्रुवारी उत्तम. काढणी चालू, हळद शिजवायच्या कुकरला वाफ धरलेली, रोजगारी बायका कामाला लागलेल्या, म्हणजे शेतकरी हमखास जागेवर सापडतो.

गाडी हळद वाळत घातलेल्या पटांगणातच लावा.

सर्वेक्षणाचे प्रश्न साठ तरी हवेत. 'घरी फ्रिज आहे का' इथून निघून हळदीपर्यंत यायला तासभर लावा. मग विचारा, "काका, आपल्याला कोणत्या स्वरूपाचं सहाय्य अपेक्षित आहे?" काका म्हणाले, पावसाळ्यात सरीत पाणी थांबलं की हळदीचा गड्डा कुजतो, कंदकुज येते, तिचं काहीतरी बघा. तुमच्या टॅबमध्ये कंदकुज नसतेच. 'इतर' वर बोट ठेवा आणि पुढे चला.

फोटो विसरू नका. काकांच्या हातात कुदळ द्या.

माती न्यायची तर शास्त्रशुद्ध न्या. व्ही आकाराचा वीतभर खड्डा, कडेची माती वरपासून खालपर्यंत तासायची, आठ-दहा ठिकाणची एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. कापडी पिशवी, आत चिठ्ठी. मला सगळं पाठ आहे, कारण दोन वर्षांत तीनदा मीच खणून दिलंय. पहिला अहवाल आलाच नाही. दुसरा आला, त्यावर नाव माझं, गट नंबर चुलत भावाचा आणि पीक भुईमूग. भुईमूग! तिसऱ्यासाठी फोन केला तर बाई म्हणाल्या, "तो प्रोजेक्ट संपला." तुमचा प्रोजेक्ट संपला, माझं रान कुठं संपलंय? अक्षयतृतीयेला लागण करायची, तेव्हा पालाश खत किती टाकू ते भुईमुगाच्या कागदावर बघू?

भाषणात भौगोलिक मानांकन, म्हणजे मालाला त्याच्या मुलखाच्या नावाचा सरकारी शिक्का, घ्या. सांगलीच्या हळदीला ते २०१८ साली मिळालं, टाळ्या पडतात. ते नाव पुडीवर छापायला शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, एवढं मात्र बोलू नका. टाळ्या थांबतात.

आणि प्रदर्शनात त्याच हळदीच्या पुडीवर दहा रुपये कमी करून घ्या. स्थानिक माल ना!

संशोधनाशी माझं वाकडं नाही. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात हळदीवर काम होतं, 'फुले स्वरूपा' वाण तिथलाच. वाण रानात लावता येतो, हाताला लागतो. तुमचं काय हाताला लागलं हो? माझा तास घेतला, माती घेतली, सही घेतली, आणि कुजलेला गड्डा माझ्याकडेच ठेवून गेलात. वर हसत म्हणता, "काका, पुढच्या वर्षी परत येतो." जरा लाज बाळगा. मी तुमच्या अहवालातला आकडा भरायला हळद पिकवत नाही. परत याल तर मागचा कागद घेऊन या, माझ्या गट नंबरचा, हळदीचा. नसेल आणला तर बांधावरूनच परत फिरा. चहासुद्धा मिळणार नाही.