'लॅबवाल्यांचा खेळ' म्हणणाऱ्या वाचकास

दादा, त्वचेत साचणारं अमायलॉइड (न विरघळणाऱ्या प्रथिनाचा साठा) काँगो रेड या लाल रंगानं कसं ओळखतात, यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. "साल चुकलंय. काचेवर लाल रंग फासून हिरवं दाखवायचं, हा लॅबवाल्यांचा खेळ. साठा बारीक असला की काँगो रेड चुकतोच. आणि निदान होऊन उपचार तरी कुठे आहे?" शंका विचारा, हजारदा विचारा. पण 'खेळ'?

सालाचं आधी सांगतो. काँगो रेडनं अमायलॉइड रंगवलं बेनहोल्डनं, १९२२ साली. ध्रुवित प्रकाशातली (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशातली) हिरवी चकाकी दिव्री आणि फ्लोर्किन यांची, १९२७ची. मी दोन्ही एकाच सालात घातलं होतं. चूक माझी, दुरुस्त केली.

आता खेळ. जळगावात ३१ वर्षं मी मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, त्वचेचे तुकडे कापले. मे महिन्यात पारा ४५ला गेला की तुकडा ज्यात बसवतात तो मेणाचा ठोकळा मऊ पडतो, काप चुरगळतो, बर्फावर ठेवून ठेवून कापावं लागतं. एरवीचा काप ३-४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अमायलॉइडसाठी ८ ते १०चा घ्यायचा, पातळ कापात चकाकी फिकी पडते. सोबत दर खेपेला अमायलॉइड असलेली एक ओळखीची काच रंगवायची. ती चमकली नाही तर त्या दिवसाचं सगळं काम बाद. कोलॅजनही थोडा लाल रंग धरतं, म्हणून नुसत्या लालावर रिपोर्ट जात नाही. ध्रुवित प्रकाशाचा फिल्टर फिरवल्यावर बाह्यत्वचेच्या लगेच खाली, पॅपिलांमध्ये (आतल्या त्वचेच्या बारीक उंचवट्यांत), अमायलॉइडचे गोळे हिरवे उजळले पाहिजेत. तुम्ही एकदा तरी त्या भिंगाला डोळा लावलाय का?

माझी आई अमळनेरकडची. नायलॉनच्या जाळीनं रोज पाठ घासायची. दोन्ही खांद्यांच्या मधोमध काळपट डाग, नदीकाठच्या वाळूवर लाटा उमटाव्यात तसे. "घशी घशी थकनू, पन जात नही," म्हणायची. एका दवाखान्यात ४ वर्षं बुरशीचं मलम दिलं. शेवटी तुकडा काढला. काप मीच कापला आणि काच हिरवी चमकली. घासून घासून वरच्या थरातल्या पेशी मरतात, त्यांचं केराटिन (त्वचेचं कठीण प्रथिन) खाली उतरून अमायलॉइड बनतं. ज्या जाळीनं आई डाग घालवू पाहत होती, तीच डागाला खतपाणी घालत होती. त्या दिवशी जाळी उकिरड्यावर गेली, मलम बंद झालं. डाग पुसले गेले नाहीत, पण वाढायचे थांबले. उपचार कुठे म्हणता ना?

बारीक साठा सुटतो, हे मूळ लेखात मीच लिहिलंय. अशा वेळी केराटिनला चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) वापरून कापाची तपासणी करता येते, तेही तिथेच आहे. लेख पूर्ण न वाचणाऱ्यासाठी मी तो पुन्हा लिहिणार नाही.

आईची काच अजून माझ्या पेटीत आहे. जळगावला या, चहा पाजून दाखवतो. 'खेळ' हा शब्द मात्र आधी मागे घ्या.