‘मुंबईत बसून’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार. कर्जतजवळच्या एका रिसॉर्टच्या खासगी बंधाऱ्याच्या धोक्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया: “मुंबईत बसून अक्कल पाजळू नका. बोटिंगपुरता छोटा बांध आहे, कायद्यात काही चूक नाही. गावातल्या पोरांना काम मिळालंय. तुम्ही इंजिनिअर आहात का?”

‘मुंबईत बसून’चं आधी बोलू. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. लहानपण धरणाशेजारच्या क्वार्टर्समध्ये गेलं. पावसाळ्यात रात्री-अपरात्री ते बॅटरी घेऊन बांधाच्या पायथ्याशी जायचे आणि पाझराचं पाणी ओंजळीत धरून बघायचे. नितळ असलं तर घरी परत. गढूळ असलं तर तडक साहेबांकडे, कारण गढूळ पाझर म्हणजे भरावातली माती वाहून चाललीय. आज परळला राहतो म्हणून मी हे विसरायचं? आणि शनिवार-रविवारी त्या बोटींत पोराबाळांना घेऊन कोण बसतं? मुंबईचीच माणसं ना? मग आम्ही का बोलू नये? ओळखपाळख नसताना ‘अक्कल पाजळू नका’ म्हणायची तुमच्याकडे पद्धत असेल, आमच्याकडे नाही.

पोरांना काम मिळालं, हे मान्य. चांगलंच झालं.

आता कायदा. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 10 मीटरपेक्षा कमी उंचीची धरणं येतच नाहीत. म्हणून बांध भक्कम ठरत नाही, त्या कायद्याखाली कुणी तपासायला येत नाही इतकंच.

मासे निसटू नयेत म्हणून तिथे सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेच्या, तोंडावर जाळी ठोकलीय. तिच्यात पाला आणि पाण्याच्या बाटल्या अडकून अर्धं तोंड बुजलेलं मी स्वतः पाहिलंय. अमेरिकेत जॉन्सटाउनच्या वरच्या अंगाला श्रीमंतांच्या एका क्लबचं मातीचं धरण होतं. सांडव्यावर माशांसाठी अशाच जाळ्या, आणि बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतलेला. 31 मे 1889 ला पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं, 2,209 माणसं गेली. ते फार मोठं होतं, ठाऊक आहे. पण आपल्याकडे ओढ्याकाठी कातकरी वाडी आहे, बांधाच्या अगदी खाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिवरे धरणाखालच्या लोकांनीही गळतीची तक्रार आधीच केली होती. 2 जुलै 2019 च्या रात्री धरण फुटलंच.

इंजिनिअर मी नाही. मालक तुमच्या ओळखीचे दिसतात. पाऊस लागायच्या आत ती जाळी काढायला सांगा, आणि पायथ्याचा पाझर एखाद्या जाणकाराला दाखवा.