गुडघा नुसता घासून जात नाही
'टायर घासावा तसा वयानुसार गुडघा झिजतो' हे तुमच्या गुडघेदुखीवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण, नुसती घासून जात नाही. तिच्यातल्याच पेशी एमएमपी-१३ नावाचं विकर (एन्झाइम) जास्त प्रमाणात सोडायला लागतात. कूर्चेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचा तीन पदरी पीळ इतका घट्ट असतो की साध्या प्रथिनपाचक विकरांची तिथे डाळ शिजत नाही. हे विकर मात्र तो पीळ एका ठरावीक जागी तोडतं : एक तुकडा तीन चतुर्थांश, दुसरा एक चतुर्थांश. शरीराच्या तापमानाला हे तुकडे आपोआप उलगडतात आणि मग बाकीची विकरं त्यांचा फडशा पाडतात. मोठ्या वयात कूर्चेत नवं कोलॅजेन जवळजवळ बनतच नाही, म्हणून हे नुकसान भरून येत नाही.

इतक्या पोटतिडकीने लिहितेय, कारण 'अजून झिजेल' या धास्तीने माझ्या आईने चालणंच सोडलं होतं. गिरगावात तिसरा मजला, लिफ्ट नाही. भाजीसुद्धा दोरीला पिशवी बांधून वर ओढून घ्यायची. फिजिओथेरपिस्टने मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम दिले, तेव्हा कुठे ती जिना उतरायला लागली. लेखात व्यायामाबद्दल एक ओळही नाही. ती कृपया घाला.